भुईआवळ्याची परीक्षा : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

मागील अंकात खानापूर आणि चंदगड भागातील रानऔषधींविषयी लिहिताना, भुईआवळा यकृताचे रक्षण करतो असे लोक पिढ्यान्‌पिढ्या मानत आले आहेत, परंतु त्याची नीट परीक्षा व्हायला हवी, असे एक वाक्य मी लिहिले होते. त्या वाक्यावर सीमाभागातून बरीच पत्रे आली. काहींना ही परीक्षा नेमकी कशी करतात हे जाणून घ्यायचे आहे, काहींच्या घरात आजच कावीळ आहे. सर्व पत्रे छापणे शक्य नसल्यामुळे प्रश्नांचा आशय थोडक्यात देऊन उत्तरे देत आहे.

प्रश्न (जांबोटी परिसरातील एक शेतकरी) : आमच्या घरात आजोबांच्या काळापासून कावीळ झालेल्या माणसाला भुईआवळ्याचा रस ताकातून देतात. माझा पुतण्या बेळगावात बी.फार्म. करतो आहे. तो म्हणतो की ही वनस्पती प्रयोगशाळेत तपासता येते. ही तपासणी कशी करतात, आणि आमचे औषध खरे की खोटे हे तिच्यातून कळेल का?

उत्तर : तपासणीची सुरुवात झाडाच्या ओळखीपासून होते, आणि पुष्कळ तपासण्या बिघडतात त्याही इथेच. आपल्याकडे आषाढ-श्रावणात भाताच्या बांधावर, उसाच्या सरीत, परसातल्या ओलसर जागेत जे वीतभर उंचीचे रोप उगवते, ज्याला आपले कन्नड शेजारी नेलनेल्ली म्हणतात, ते एकच रोप नाही. फायलँथस या वंशातील अमारस, युरिनेरिया, डेबिलिस, मद्रासपटेन्सिस अशा अनेक जाती दिसायला सारख्या आहेत आणि बाजारात त्या सर्रास एकमेकींत मिसळून विकल्या जातात. फांदी उलटी करून पाहावी. अमारस जातीत पानांखाली ओळीने लागलेली मोहरीएवढी फळे गुळगुळीत असतात आणि बारीक देठावर लोंबतात. युरिनेरियाची फळे जवळजवळ देठाविना फांदीला चिकटलेली आणि खरबरीत असतात, शिवाय तिच्या खोडावर बहुधा तांबूस झाक असते. यकृतासंबंधीच्या संशोधनात ज्याचे नाव सतत येते ते फायलँथिन नावाचे द्रव्य मुख्यतः अमारस जातीत मिळते. म्हणून मुळासकट, फळाफुलांवर आलेले रोप वनस्पतिशास्त्राच्या जाणकाराकडून ओळखून घेऊन त्याचा वाळवलेला नमुना क्रमांक घालून जपून ठेवणे ही पहिली पायरी आहे. ती गाळली, तर पुढे कितीही महागडी यंत्रे वापरली तरी आपण काय तपासले हेच कोणाला सांगता येणार नाही.

रोप कोठून उपटले याचीही नोंद हवी. ऊस आणि भाताच्या शेतात आता तणनाशके फवारली जातात, आणि भुईआवळा हे शेतकऱ्याच्या लेखी तणच आहे. फवारणी झालेल्या बांधावरचे रोप तपासायला नेऊ नये, आणि रुग्णाला तर ते कधीच देऊ नये.

यानंतर रोप सावलीत वाळवून त्याची पूड करतात आणि पाण्यात, अल्कोहोलमध्ये किंवा मिथेनॉलमध्ये अर्क काढतात. या टप्प्यावर आपल्या पुतण्याला एक गोष्ट आवर्जून सांगावी. प्रयोगशाळांमध्ये मिथेनॉलचा अर्क सोयीचा म्हणून पुष्कळदा तोच वापरतात. फायलँथिनसारखी द्रव्ये पाण्यात फारशी विरघळत नाहीत, ती मिथेनॉलमध्ये उतरतात. पाण्यात आणि ताज्या रसात प्रामुख्याने तुरट टॅनिन द्रव्ये येतात. म्हणजे मिथेनॉलच्या अर्काला चांगला गुण आला, तरी आपल्या आजोबांच्या ताकातल्या रसालाही तोच गुण आहे असे त्यावरून ठरत नाही, आणि मिथेनॉलचा अर्क निष्प्रभ ठरला तरी रस खोटा ठरत नाही. परंपरेची परीक्षा करायची असेल तर परंपरेने जे दिले जाते तेच, त्याच रूपात तपासले पाहिजे. माझ्या मते या बाबतीत आपल्याकडील संशोधनात फार ढिलाई आहे.

प्राण्यांवरील प्रयोग घरी किंवा महाविद्यालयाच्या कोपऱ्यात करता येत नाही. त्यासाठी संस्थेच्या प्राणी-नैतिकता समितीची लेखी परवानगी लागते, आणि ही व्यवस्था 1960 च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याखाली चालते. आधी अर्काची वाढती मात्रा देऊन तो स्वतःच विषारी नाही ना हे पाहतात. मग विस्टार जातीच्या पांढऱ्या उंदरांचे साधारण पाच गट करतात आणि प्रत्येक गटात बहुधा सहा प्राणी असतात. पहिल्या गटाला काहीच इजा करीत नाहीत. दुसऱ्याला फक्त यकृताला इजा करणारे विष देतात. तिसऱ्याला विष आणि सिलिमारिन, म्हणजे युरोपात पूर्वापार वापरल्या जाणाऱ्या एका काटेरी वनस्पतीच्या बियांतले द्रव्य, तुलनेसाठी देतात. चौथ्या आणि पाचव्या गटाला विषाबरोबर आपला अर्क कमी व जास्त मात्रेत देतात.

विष म्हणून सर्वांत जास्त वापरले जाते ते कार्बन टेट्राक्लोराइड. ते स्वतः फारसे घातक नसते. यकृतातले एक विशिष्ट एन्झाइम त्याचे तुकडे करते, त्यातून अतिशय क्रियाशील असा मुक्त कण तयार होतो आणि तो पेशीच्या आवरणातील स्निग्ध द्रव्ये नासवत जातो. पॅरासिटामॉलची फार मोठी मात्रा हाही एक मार्ग आहे. तेथेही यकृतच औषधापासून एक विषारी पदार्थ बनवते, जो एरवी ग्लुटाथायोन या द्रव्याने निकामी केला जातो, परंतु ग्लुटाथायोनचा साठा संपला की पेशी मरू लागतात. साधारण एक दिवसाने रक्त घेऊन एसजीपीटी, एसजीओटी, अल्कलाइन फॉस्फेटेज ही यकृताच्या तपासणीतली एन्झाइमे आणि कावीळीचा पिवळेपणा आणणारे बिलिरुबिन मोजतात, आणि मग प्राण्याचे यकृत काढून त्याचा पातळ काप रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात. निरोगी कापात मधल्या शिरेपासून चहूकडे पेशींच्या रांगा नीट ओळीने गेलेल्या दिसतात. विष दिलेल्या कापात त्याच शिरेभोवतीचा भाग फिकट पडलेला असतो, पेशींची केंद्रे नाहीशी झालेली असतात आणि उरलेल्या पेशींत चरबीचे पोकळ ठिपके दिसतात. अर्क दिलेल्या गटात हा फिकट भाग लहान राहिला, तर अर्काने काहीतरी केले आहे असे म्हणता येते. मात्र काप पाहणाऱ्या तज्ज्ञाला तो कोणत्या गटातला आहे हे ठाऊक नसावे. हे पथ्य पाळले नाही, तर माणसाची नजर हवे तेच पाहते.

खरे की खोटे, या आपल्या प्रश्नाचे उत्तर एवढ्याने मिळत नाही. विशिष्ट विषाने झालेली इजा विशिष्ट अर्काने उंदरात कमी झाली की नाही, इतकेच या परीक्षेतून कळते. आपल्या गावात कावीळ होते ती बहुधा विषाणूमुळे, आणि उंदराला दिलेल्या विषाशी तिचे नाते दूरचे आहे.

प्रश्न (बेळगाव येथील फार्मसीचा एक विद्यार्थी) : आमच्या प्रकल्पात अर्क सात दिवस दिल्यानंतर उंदरांना कार्बन टेट्राक्लोराइड दिले. विषाच्या गटात एसजीपीटी खूप वाढले, 400 मिलिग्रॅम प्रति किलो मात्रेच्या गटात ते जवळजवळ निम्मे राहिले. ही वनस्पती यकृतविकारावर गुणकारी असल्याचे सिद्ध झाले, असे लिहावे का?

उत्तर : असे लिहू नये, आणि त्याची कारणे नीट समजून घ्यावीत, कारण या विषयातील शेकडो निबंध याच ठिकाणी घसरलेले आहेत.

आपण अर्क विषाच्या आधी दिला आहे. वर म्हटल्याप्रमाणे कार्बन टेट्राक्लोराइड घातक होते ते यकृतातील एन्झाइममुळे. सात दिवस दिलेल्या अर्काने तेच एन्झाइम मंद केले असेल, तर विष तयारच कमी झाले आणि म्हणून एसजीपीटी कमी राहिले. यकृत वाचले हे खरे, पण इजा झालेल्या यकृताला अर्काने बरे केले असे त्यातून दिसत नाही. आपल्या दाराशी येणारा रुग्ण आधी आजारी पडतो आणि मग औषध घेतो. त्यामुळे विष दिल्यानंतर काही तासांनी अर्क सुरू केलेला एक गट प्रयोगात असलाच पाहिजे. शक्य असेल तर पेन्टोबार्बिटोन या गुंगीच्या औषधाने येणारी झोप अर्कामुळे लांबते का, हेही पाहावे. ती लांबली तर यकृताची औषधे मोडण्याची यंत्रणा अर्क मंद करतो आहे अशी शंका बळावते. तसे झाले तर रुग्ण घेत असलेल्या इतर गोळ्यांचेही रक्तातील प्रमाण बदलू शकते, आणि ती माहिती डॉक्टरांना उपयोगाची आहे.

दुसरे, एसजीपीटी हे एकटे प्रमाण मानू नये. हे एन्झाइम पेशीच्या आत असते आणि पेशी फुटली की रक्तात झिरपते, म्हणून इजा मोजायला ते चांगले आहे. पण यकृताच्या बहुतेक पेशी मेल्या की झिरपायला काही उरत नाही आणि एसजीपीटी खाली येते. माणसातही तीव्र यकृतनिकामीपणात एसजीपीटी उतरत असते, बिलिरुबिन चढत असते आणि रक्त गोठण्याचा काळ लांबत असतो, आणि घरचे लोक मात्र एक आकडा उतरला म्हणून सुटकेचा निःश्वास टाकतात. म्हणून प्रोथ्रॉम्बिन टाइम (रक्त गोठण्याचा काळ), अल्ब्युमिन हे यकृतात बनणारे प्रथिन आणि यकृतातील ग्लुटाथायोन हेही मोजावे.

तिसरे मात्रेविषयी. उंदराची मात्रा माणसाला किलोला किलो लावत नाहीत; शरीराच्या पृष्ठभागाच्या प्रमाणात ती साधारण 6.2 ने भागतात. 400 मिलिग्रॅम प्रति किलो म्हणजे माणसाला सुमारे 65 मिलिग्रॅम प्रति किलो, 60 किलो वजनाच्या माणसाला जवळजवळ 4 ग्रॅम अर्क. शंभर ग्रॅम सुक्या वनस्पतीपासून दहा ग्रॅम अर्क निघत असेल, तर दिवसाला सुमारे 40 ग्रॅम सुकी वनस्पती झाली. कॅप्सूलमध्ये अर्धा ग्रॅम पूड भरून "प्रयोगाने सिद्ध" असे बाटलीवर छापणाऱ्यांनी हे गणित कधी केलेले नसते. आपण ते निबंधात स्पष्ट मांडावे.

निष्कर्षात "या पद्धतीने काढलेल्या अर्काने, या मात्रेत, आधी दिला असता, कार्बन टेट्राक्लोराइडने होणारी इजा कमी झाली" एवढेच लिहावे. वाक्य लांब आणि कोरडे होईल, पण परीक्षक त्याला आक्षेप घेऊ शकणार नाहीत. आणि विष दिल्यानंतरच्या गटात काहीच गुण आला नाही, तर तेही तितक्याच ठळकपणे लिहावे. निष्फळ निकाल कपाटात राहतात म्हणूनच तीच वनस्पती पुन्हापुन्हा तपासली जाते आणि तेवढे प्राणी विनाकारण मरतात.

प्रश्न (चिकोडी येथील एक शिक्षिका) : उंदरांना असे मारणे अटळ आहे का?

उत्तर : पूर्णपणे नाही. प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी यकृतपेशींवर प्राथमिक चाळणी करता येते, आणि ती आधी करायलाच हवी. अडचण अशी की हेप-जी-2 नावाच्या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या पेशींत औषधे मोडणारी एन्झाइमे फारच थोडी असतात, त्यामुळे पॅरासिटामॉल किंवा कार्बन टेट्राक्लोराइडची इजा त्यांत जशीच्या तशी घडवता येत नाही. आतड्यातून शोषले जाणे, पित्तातून बाहेर पडणे हेही तेथे दिसत नाही. मात्र पेशींवर निष्प्रभ आणि रासायनिक तपासणीत दर्जाहीन ठरलेला अर्क प्राण्यांपर्यंत नेण्याचे कारण नसते. प्राण्यांची संख्या कमी ठेवण्यासाठी ती आधी संख्याशास्त्राने ठरवणे आणि तोच प्रयोग केवळ पदवीसाठी पुन्हा न करणे, हे दोन्ही आपल्या हातात आहे.

प्रश्न (निपाणी येथील एक निवृत्त मुख्याध्यापक) : भुईआवळ्याने हेपेटायटिस बी बरा होतो असे मद्रासच्या संशोधकांनी फार पूर्वीच दाखवले होते, असे मी वाचले आहे. मग हे औषध सरकारी दवाखान्यात का मिळत नाही? परंपरेविषयीच्या आकसामुळे का?

उत्तर : आपण वाचले ते खरे आहे, पण त्यानंतर जे घडले ते बहुधा आपल्यापर्यंत पोहोचले नाही. 1988 मध्ये त्यागराजन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लॅन्सेट या नामवंत नियतकालिकात एक प्राथमिक अभ्यास प्रसिद्ध केला. हेपेटायटिस बी विषाणूच्या वाहकांना फायलँथस अमारसची पूड तीस दिवस दिली होती. उपचारानंतर दोन-तीन आठवड्यांनी तपासले तेव्हा औषध घेतलेल्या 37 पैकी 22 जणांच्या रक्तातून विषाणूचे पृष्ठ-प्रतिजन, म्हणजे विषाणू शरीरात असल्याची खूण, नाहीसे झाले होते. बिनऔषधाची पूड घेतलेल्या 23 पैकी फक्त एकाचे गेले होते. हा आकडा विलक्षण होता आणि जगाने तो गांभीर्याने घेतला. हेपेटायटिस बी विषाणूच्या शोधासंबंधीच्या कार्यासाठी 1976 चे नोबेल पारितोषिक मिळालेले बरुख ब्लुमबर्ग हेही या वनस्पतीवरील संशोधनात सहभागी होते. आकस असता तर हे घडले नसते.

पुढे इतर देशांत हाच प्रयोग करून पाहिला गेला. थायलंडमध्ये 1990 मध्ये आणि न्यूझीलंडमध्ये 1994 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत वाहकांच्या रक्तातून प्रतिजन गेले नाही. वनस्पती वेगळ्या मातीतली होती, पुडीतले द्रव्य वेगळ्या प्रमाणात होते, विषाणूचा प्रकार वेगळा होता, अशी कारणे सुचवली गेली आणि त्यांत तथ्य असू शकते. पण त्याचा अर्थ एवढाच की कोणती पूड, किती द्रव्य असलेली, कोणाला लागू पडते हे ठरलेले नाही. 2011 मध्ये कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय गटाने 16 चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला. बिनऔषधाच्या पुडीच्या तुलनेत या वनस्पतीचा लाभ होतो असा खात्रीलायक पुरावा त्यांना आढळला नाही. विषाणुविरोधी औषधांच्या जोडीला दिल्यास काही लाभ होत असावा असे काही चाचण्यांत दिसले, परंतु त्या चाचण्या ज्या रीतीने केल्या होत्या त्यांवर फारसा विश्वास ठेवता येत नाही असेही त्यांनी नमूद केले.

ज्या सिलिमारिनला आपण प्रयोगशाळेत तुलनेचे माप म्हणून वापरतो, त्याचीही गत फार वेगळी नाही. विषारी अळंबी खाल्लेल्या रुग्णांना त्याचा एक घटक शिरेतून देतात, पण 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील चाचणीत हेपेटायटिस सीच्या 154 रुग्णांत तोंडाने दिलेले सिलिमारिन बिनऔषधाच्या गोळीपेक्षा सरस ठरले नाही. उंदरात उत्तम आणि माणसात सामान्य, हे परदेशी वनस्पतीच्याही वाट्याला आलेले आहे.

हेपेटायटिस बीसाठी आज टेनोफोविर आणि एन्टेकाविर ही तपासलेली औषधे आहेत आणि मुख्य म्हणजे लस आहे. आपल्या ओळखीत कोणी वाहक असेल, तर भुईआवळ्याच्या भरवशावर तपासण्या थांबवू नयेत. वनस्पतीसाठी दार बंद झालेले नाही. 2015 पासून भारतात वनस्पतिजन्य औषधांसाठी स्वतंत्र वर्ग आहे, ज्यात शुद्ध केलेल्या अर्कातील किमान चार घटकांचे मोजमाप देऊन रीतसर मानवी चाचण्यांनंतर मान्यता मिळू शकते. मार्ग खर्चाचा आणि लांबचा आहे, पण तो आहे.

प्रश्न (चंदगड तालुक्यातील एक गृहिणी) : आमचे हे करोनाच्या साथीपासून रोज सकाळी गुळवेलीचा काढा घेतात. गेल्या महिन्यात रक्त तपासले तेव्हा एसजीपीटी वाढलेले निघाले. सासूबाई म्हणतात की गुळवेल यकृतालाच चांगली, काढा वाढवा. काय करावे?

उत्तर : काढा आजच थांबवावा आणि तो किती दिवस, किती प्रमाणात घेतला हे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. सासूबाईंचे म्हणणे परंपरेला धरून आहे, आणि उंदरांवरील प्रयोगांत गुळवेलीनेही यकृत वाचवल्याचे निबंध आहेत. परंतु 2021 मध्ये मुंबईतील डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला सूज आलेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली, आणि 2022 मध्ये देशातील 13 केंद्रांनी मिळून अशा 43 रुग्णांचा अभ्यास मांडला. पुष्कळांत ही सूज शरीराच्या प्रतिकारशक्तीने स्वतःच्याच यकृतावर केलेल्या हल्ल्याच्या स्वरूपाची होती. गुळवेल प्रतिकारशक्तीला चेतवते म्हणूनच ती लोक घेत होते, आणि ज्यांच्या शरीरात असा कल दबून असतो त्यांना तेच बाधत असावे. आयुष मंत्रालयाने यावर आक्षेप घेतला की रुग्णांनी खरी गुळवेल न घेता टिनोस्पोरा क्रिस्पा ही दुसरी, खोडावर गाठी असलेली जात घेतली असावी. वनस्पतीची ओळख पटवण्याचा हा आग्रह योग्यच आहे; पण आपल्या घरातील वेल कोणती हे ठरेपर्यंत काढा चालू ठेवण्याचे ते कारण होऊ शकत नाही.

आपल्या यजमानांना मधुमेह, थायरॉइड किंवा सांधेदुखीचा प्रतिकारशक्तीशी निगडित आजार आहे का, ते मद्य घेतात का, क्षयाच्या गोळ्या चालू आहेत का, हेही डॉक्टरांनी पाहायला हवे. क्षयाच्या उपचारातील आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन आणि पायराझिनामाइड ही तिन्ही औषधे यकृताला बाधू शकतात. मात्र ती स्वतःहून बंद करू नयेत. काढा थांबवल्यावर काही आठवड्यांनी तपासणी पुन्हा करावी. सासूबाईंना दुखवण्याची आवश्यकता नाही. यकृत सुजलेले असताना त्याला कोणतेही जादा काम देऊ नये, असे डॉक्टरांनीच सांगितले आहे म्हणावे.

प्रश्न (खानापूर तालुक्यातील एक वाचक, ज्यांच्या घरात औषधे देण्याची परंपरा आहे) : आमच्याकडे कावीळीसाठी तीन पाल्यांचे औषध आहे. ते संशोधकांना सांगितले तर कंपन्या त्यावर हक्क घेतील अशी भीती वाटते.

उत्तर : भीती निराधार नाही, पण कायदा आपल्या बाजूने बराच आहे. भारतीय पेटंट कायद्यानुसार पारंपरिक ज्ञानावर किंवा त्याच्या नुसत्या एकत्रीकरणावर पेटंट मिळत नाही. 2002 च्या जैवविविधता कायद्याने स्थानिक जैवसंपत्तीच्या व्यापारी वापरावर नियंत्रण आणले आहे आणि लाभातील वाटा स्थानिकांना मिळावा अशी तरतूद केली आहे. ग्रामपंचायतीच्या जैवविविधता समितीने लोकजैवविविधता नोंदवही ठेवायची असते. तिच्यात कोणती माहिती उघड करायची आणि कोणती गोपनीय ठेवायची, हे आपण आधी विचारून ठरवावे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची पारंपरिक चिकित्सेवर काम करणारी राष्ट्रीय संस्था बेळगावातच, नेहरूनगरात आहे. तेथे किंवा एखाद्या महाविद्यालयात जाताना आपले नाव, गावाचे नाव आणि ज्ञान कोणाकडून आले हे लेखी नोंदवले जाईल, असा करार आधी मागावा. तोंडी आश्वासनावर पाला देऊ नये.

एक विनंती करतो. औषध दिलेल्या प्रत्येक रुग्णाचे वय, कावीळ कधी सुरू झाली, बिलिरुबिन किती होते, औषध कधी दिले आणि पुढे काय झाले, हे साध्या वहीत लिहून ठेवावे, आणि जे परत आले नाहीत किंवा ज्यांना रुग्णालयात न्यावे लागले त्यांचीही नोंद गाळू नये. अशी दहा वर्षांची प्रामाणिक वही संशोधकाला कोणत्याही अर्काइतकीच मोलाची वाटेल.

प्रश्न (बेळगाव तालुक्यातील एक वाचक) : माझ्या धाकट्या भावाला कावीळ झाली आहे. गावचे औषध सुरू केले आहे. किती दिवस वाट पाहावी?

उत्तर : औषध द्यावे की नाही हा नंतरचा प्रश्न, कावीळ कशाने झाली हे कळल्याशिवाय एक दिवसही वाट पाहू नये. हेपेटायटिस ए आणि ई हे दूषित पाण्यातून होणारे प्रकार आपल्या भागात पावसाळ्यात जास्त दिसतात, आणि त्यांतले बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत, कोणतेही औषध न घेता बरे होतात. भुईआवळ्याला, मंत्राला आणि माळेला मिळालेले पुष्कळसे यश याच गोष्टीमुळे आहे. परंतु भाताच्या चिखलात काम करणाऱ्या माणसाला ताप, लालबुंद डोळे आणि पोटऱ्यांत असह्य वेदना यांसह कावीळ झाली, तर ती लेप्टोस्पायरोसिसची असू शकते आणि तेथे वेळेवर दिलेले प्रतिजैविक जीव वाचवते. शौचाचा रंग पांढुरका, लघवी गडद आणि अंगाला खाज असेल, तर पित्तनलिकेत खडा किंवा गाठ असू शकते. तेथे कोणत्याही पाल्याने वाट मोकळी होत नाही. रक्ताची तपासणी, विषाणूंच्या चाचण्या आणि पोटाची सोनोग्राफी यांनी हे प्रकार बहुधा वेगळे ओळखता येतात.

भाऊ असंबद्ध बोलू लागला, दिवसा झोपेत राहू लागला, उलट्या थांबत नसतील, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येत असेल, पोट फुगत असेल, तर रात्र असली तरी रुग्णालय गाठावे. तेल-तूप पूर्ण बंद करून रुग्णाला अशक्त करण्याची गरज नसते. पचेल ते घरचे अन्न द्यावे, मद्य मात्र पूर्ण बंद ठेवावे, आणि कोणतीही गोळी, पॅरासिटामॉलसुद्धा, डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये. कावीळीला चांगला म्हणून गाड्यावरचा उसाचा रस आणून पाजतात, पण त्यातला बर्फ आणि पाणी दूषित असेल तर तोच रोग घरातल्या दुसऱ्यांना होतो. घरातील सर्वांनी उकळून गार केलेले पाणी प्यावे. घरात कोणी गरोदर असेल तर विशेष जपावे, कारण हेपेटायटिस ई झाल्यास गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत दर चार-पाच स्त्रियांमागे एकीचा मृत्यू होऊ शकतो. तिचे डोळे पिवळे दिसले, तर घरगुती औषधाची चर्चासुद्धा न करता त्याच दिवशी तिला प्रसूतितज्ज्ञ आणि अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयात न्यावे.